पाहुणे गेले त्यांचं स्मारक, राहिले त्यांचं काय?

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन प्रकारचे फॉरवर्ड आलटून पालटून येतात. एक म्हणजे "जगाने नाकारलं तेव्हा कोल्हापूरने पोलंडच्या 5000 लोकांना आसरा दिला, अभिमान बाळगा" आणि दुसरा म्हणजे परप्रांतीयांना कसं हाकललं पाहिजे याचा. दोन्हीला तीच माणसं तोच अंगठा देतात. मी मेलबर्नमध्ये बसून हे वाचतो, म्हणजे स्वतःच परप्रांतीय होऊन वाचतो, त्यामुळे मला ते जरा वेगळं लागतं.

पोलिश लोकांची गोष्ट आपण अर्धीच सांगतो. 1940-41 मध्ये सोव्हिएत लोकांनी पूर्व पोलंडमधून अख्खी कुटुंबं उचलून सायबेरिया, कझाकस्तानला नेऊन टाकली. मग हिटलरने रशियावरच हल्ला केला, 1941 च्या जुलैमध्ये पोलंड आणि सोव्हिएत यांचा करार झाला, ही माणसं सुटली आणि 1942 मध्ये सैनिक धरून लाखावर माणसं इराणमध्ये पोचली. तिथून बायका-पोरं जिथे जागा मिळेल तिथे, पूर्व आफ्रिका, न्यूझीलंड, मेक्सिको, जामनगरजवळ बालाचडी आणि 1943 पासून आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे. शाळा, चर्च, नाटकं, स्काऊट, सगळं त्या बराकींमध्ये होतं. पंचगंगेच्या काठावर एक छोटं पोलिश गावच म्हणा.

फॉरवर्डमध्ये महाराजांनी बोलावलं वगैरे असतं. जामनगरच्या जामसाहेबांच्या बाबतीत ते खरं आहे, पण कोल्हापूरच्या गादीवर 1943 साली दोन वर्षांचं बाळ होतं हो, आणि कारभार दुसरेच बघत होते. कॅम्पचा खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारच्या नावावर होता. यात कोल्हापूरकरांचा मोठेपणा कमी होत नाही, त्यांना चांगलं वागवलं म्हणूनच म्हातारी झाल्यावरही ही माणसं परत परत भेटायला येत राहिली. पण एक गोष्ट लक्षात घ्या, ते जाणार आहेत हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी कुणाची नोकरी मागितली नाही, रिक्षाचं परमिट मागितलं नाही, मतदार यादीत नाव मागितलं नाही. पाहुण्याशी गोड वागणं आपल्याला जमतंच, प्रश्न तो मुक्कामाला राहतो म्हणाला की सुरू होतो.

आणि तो प्रश्न या पोलिश लोकांनाही आलाच, फक्त आपल्याकडे नाही तर पुढच्या देशात. 1945 च्या मित्रराष्ट्रांच्या याल्टा परिषदेत त्यांचा मुलूख सोव्हिएतकडे गेला तो गेलाच, म्हणजे घरी जायचं तर घर दुसऱ्याच देशात. वळिवडे 1948 पर्यंत रिकामं झालं. बरेच ब्रिटनला गेले, काही आधी पूर्व आफ्रिकेतल्या कॅम्पात आणि मग तिथून पुढे. ब्रिटनने 1947 मध्ये पोलिश लोकांना वसवायचा कायदा केला खरा, पण ब्रिटनच्या बाजूने इटलीत मोंटे कॅसिनोच्या लढाईत ज्यांच्या भावांनी रक्त सांडलं त्यांनाच तिथल्या कामगार संघटना सांगत होत्या की आमच्या नोकऱ्या जातील, खाणीत नको, परत जा. शब्द ओळखीचे वाटले ना?

ऑस्ट्रेलियाचं तर मी रोज बघतो त्या जमिनीवरचंच आहे. युद्धानंतर इथले इमिग्रेशन मंत्री आर्थर कॅलवेल यांनी ठरवलं की माणसं आणली नाहीत तर देश संपला, आणि 1947 मध्ये निर्वासितांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेशी करार करून युरोपच्या कॅम्पांमधून माणसं आणायला सुरुवात केली. पाच-सहा वर्षांत 1,70,000 च्या आसपास आले आणि त्यात सगळ्यात जास्त पोलिश. दया वगैरे फार नव्हती, हात हवे होते. अट अशी की सरकार सांगेल ते काम दोन वर्षं करायचं, मग तू डॉक्टर अस नाहीतर वकील अस, कागदावर पुरुष म्हणजे मजूर आणि बाई म्हणजे घरकामवाली. डिग्रीला इथे किंमत नाही. आपल्याकडचा बीई झालेला मुलगा इथे येऊन वेअरहाऊसमध्ये बॉक्स उचलतो तेव्हा आपण म्हणतो काय दिवस आले, पण ही रीत जुनी आहे.

या लोकांना पहिल्यांदा ठेवायचे ते बोनेगिला कॅम्पात, वोडोंगाजवळ, जुनी मिलिटरी बराक. आता तिथे म्युझियम आहे, मी कुटुंबासकट जाऊन आलो, पत्र्याच्या खोल्या बघून बायको म्हणाली उन्हाळ्यात काय होत असेल. रोजच्या मटणाला लोक इतके वैतागले की त्याच्या कहाण्या अजून सांगतात. पण तिथे सरकारने इंग्रजीचे वर्ग चालवले, हे मला महत्त्वाचं वाटतं. मी पण त्या पक्षाचाच आहे की महाराष्ट्रात राहायचं तर मराठी यायला हवी, 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर मागे घ्यावा लागला तेव्हा मला इथे बसून बरंच वाटलं. पण बिहारहून आलेल्या बांधकामावरच्या पोराला संध्याकाळी एक तास मराठी कोण शिकवतं? कानफटात मारून व्हिडिओ काढणारे शिकवत नाहीत एवढं नक्की. आणि त्याच पोलिश लोकांनी इंग्रजी शिकता शिकता शनिवारच्या शाळा काढून पोरांना पोलिश शिकवली, जसं आपण इथे रविवारी बाराखडी घोकून घेतो. तेव्हा आपल्याला नाही वाटत की आपण या देशाचा अपमान करतोय.

आता एक कडू गोष्ट. वळिवड्याची पोलिश बाई 1950 साली ऑस्ट्रेलियात येऊ शकत होती, तिला भाजी विकणारा कोल्हापूरकर येऊ शकत नव्हता. गोऱ्यांनाच येऊ देणारं श्वेत ऑस्ट्रेलिया धोरण होतं, ते पूर्ण जायला 1973 उजाडलं. आणि 31 ऑगस्ट 2025 ला इथे शहराशहरात इमिग्रेशनविरोधी मोर्चे निघाले तेव्हा त्यांच्या पत्रकावर सरळ भारतीयांचं नाव होतं, पाच वर्षांत जितके भारतीय आले तितके शंभर वर्षांत ग्रीक-इटालियन आले नाहीत म्हणे. ज्यांना एके काळी लोक नाक मुरडायचे ते ग्रीक-इटालियन आता मोजपट्टी झाले, बढती मिळाली त्यांना. त्या रविवारी आम्ही मुलांना घेऊन शहरात गेलो नाही. ग्रुपवर काळजीचे मेसेज आले, सांभाळून रहा, कसले रेसिस्ट लोक. आणि दोन दिवसांनी पुन्हा हाकला-हाकला चालू.

म्हणून मला पोलिश कॅम्पपेक्षा त्याच जागेची नंतरची गोष्ट जास्त कामाची वाटते. पोलिश गेले आणि फाळणीत सगळं गमावून आलेले सिंधी त्याच बराकींमध्ये आले. ते गेले नाहीत. तेच आजचं गांधीनगर, जिथे अर्धा जिल्हा लग्नाचा बस्ता काढायला जातो, तिथले दुकानदार तुमच्या आत्याशी अस्सल कोल्हापुरीत घासाघीस करतात. पोलिश लोकांचं स्मारक कोल्हापुरात आहे, वॉर्सातही आहे, पंतप्रधान 2024 मध्ये तिथे फुलं वाहून आले. सिंध्यांबद्दलचा अभिमानाचा फॉरवर्ड मला अजून एकदाही आलेला नाही. खरं तर आसरा देऊन, शेजार करून, धंद्यात स्पर्धा सोसून सत्तर-पंचाहत्तर वर्षं एकत्र नांदणं ही कोल्हापूरची मोठी कामगिरी, पाच वर्षांचा पाहुणचार त्यापुढे सोपा.

वळिवड्याला म्युझियम करायचं असं अधूनमधून बोललं जातं. करा, जरूर करा, मी पण वर्गणी देईन. पण एक खोली पोलिश लोकांची ठेवाल तर शेजारची गांधीनगरवाल्यांची ठेवा, आणि तिथे माहिती सांगायला एखादे सिंधी आजोबाच बसवा, मराठीत सांगतील.