अंदमानचा रुपया खपवण्याची रीत

आपल्याजवळ तांब्याची एखादी काळपट चकती असेल आणि ती देशभक्तीच्या भावाने विकायची असेल, तर पुढील सूचना जरूर पाळाव्यात. नुकत्याच भरलेल्या एका नाणेप्रदर्शनात एका विक्रेत्याने त्यांचे संपूर्ण प्रात्यक्षिक माझ्यावरच करून दाखवले.

सर्वप्रथम, नाण्यावरचे साल स्वतः वाचू नये व गिऱ्हाइकालाही वाचू देऊ नये. पोर्ट ब्लेअरच्या बंदिवसाहतीसाठी पाडलेल्या तांब्याच्या एक रुपयाच्या टोकनांवर १८६१ आणि १८६६ ही साले असतात. सेल्युलर जेलचे बांधकाम सुरू झाले १८९६ मध्ये, सावरकर जन्मले १८८३ मध्ये आणि अंदमानात पोहोचले १९११ मध्ये. परंतु असल्या क्षुल्लक वजाबाकीत न पडता, ‘हेच नाणे तात्यारावांच्या कोठडीत होते’ असे आवाज किंचित कातर करून सांगावे.

चकती तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढते, म्हणजे तिच्यात अद्भुत शक्ती आहे, ही जुनी थापही जमल्यास सांगून टाकावी.

गिऱ्हाइकाने शंका काढलीच, तर मात्र नाण्याविषयी अवाक्षर न बोलता त्याच्या निष्ठेविषयी बोलावे. ‘तुमचा स्वातंत्र्यवीरांवर विश्वास नाही का?’ हा प्रश्न आजूबाजूच्या चार माणसांना ऐकू जाईल अशा बेताने विचारावा. मग ती चार माणसे माना डोलावतात, त्यांतील एक मोबाइल काढून चित्रीकरण सुरू करतो, आणि नाण्यावरचे आकडे दाखवू पाहणारा मनुष्य क्षणात देशद्रोही ठरतो. अहो, सेल्युलर जेलात कोलूला, म्हणजे तेलाच्या घाण्याला, जुंपलेल्या कैद्याला दिवसाला तीस पौंड तेल काढावे लागे, आणि त्याबद्दल त्याच्या हातावर कोणी रुपया ठेवत नव्हते. ज्या छळाची आठवण काढून तुम्ही डोळे पुसता, त्यात या चकतीला जागाच नव्हती, एवढे तरी विकण्यापूर्वी ठाऊक करून घ्यायला काय हरकत होती?

किंमत मात्र ‘केवळ तुमच्यासाठी’ कमी करावी.

पुरे झाल्या सूचना. १० मार्च १८५८ रोजी बंदिवसाहतीचा अधीक्षक डॉक्टर वॉकर दोनशे कैदी घेऊन पोर्ट ब्लेअरला उतरला, तेव्हापासून १८५७ च्या उठावातील माणसांनी तिथले जंगल तोडले, वस्ती उभारली आणि तापाने व उपासमारीने शेकड्यांनी प्राण सोडले. हा तांब्याचा रुपया त्या पिढीच्या काळातला आहे, आणि तो वसाहतीच्या बाहेर कवडीमोल होता. त्या कैद्यांतील बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, म्हणून त्यांच्या नावाने नाणे खपत नाही, आणि म्हणूनच तुम्ही ते उचलून प्रसिद्ध माणसाच्या कोठडीत नेऊन ठेवता. ही सावरकरभक्ती नव्हे, हा निव्वळ खोटेपणा आहे. आणि घेणाऱ्यांनो, पाकीट उघडण्यापूर्वी नाण्यावरचे चार आकडे वाचण्याचा कंटाळा करता, तेव्हा या धंद्यात तुमचीही भागीदारी आहे.