शाळा सोडण्याआधी हार्वर्डमध्ये प्रवेश घ्या

सहामाहीत गणितात ११ मार्क पडले आणि त्याच रात्री शाळा सोडायचा विचार मनात आला, म्हणजे राजा, तू योग्य मार्गावर आहेस. रीलमध्ये तो कोट घातलेला माणूस सांगतो ते अगदी खरं आहे. बिल गेट्सनं शिक्षण सोडलं, झुकेरबर्गनं सोडलं, मग तूच काय म्हणून बेंचवर कुजत बसायचं? फक्त क्रम चुकवू नकोस. गेट्सनं १९७५ साली सोडलं ते हार्वर्ड. झुकेरबर्गनं २००४ साली सोडलं तेही हार्वर्डच. तेव्हा आधी दहावी काढ, मग बारावी, मग हार्वर्डमध्ये प्रवेश मिळव आणि एक दिवस बाणेदारपणे बाहेर पड. लालबागच्या शाळेतून नववी-दहावीत बाहेर पडणाऱ्याला कोणी ड्रॉपआउट म्हणत नाही. 'याचं लक्षच नव्हतं अभ्यासात' एवढंच म्हणतात, तेही जिन्यात.

परदेशी उदाहरणं पटत नसतील तर सचिन आहेच, आपला माणूस. त्यानं शाळा सोडली होती, हे अगदी खरं. आचरेकर सरांच्या सांगण्यावरून वांद्र्याची शाळा सोडली आणि दादरच्या शारदाश्रमात गेला. एवढंच. पुढे १९८८ साली आझाद मैदानावर कांबळीबरोबर ६६४ धावांची भागीदारी केली, ती हॅरिस शील्डमध्ये. ही शाळाशाळांची स्पर्धा असते, आणि शाळा सोडलेल्याला तिच्यात घेत नाहीत. ही एक बारीकशी अडचण सोडली तर तुझं सगळं जुळतंय. बॅट आहे, गल्ली आहे, काच फोडल्यावर ओरडणारे काका आहेत.

धीरूभाईही हमखास आठवतील. ते तरुणपणी एडनला नोकरीला गेले, पण मॅट्रिक होऊन गेले. तुला आखातात जायचं असेल तर दहावी न झालेल्याच्या पासपोर्टावर ईसीआरचा, म्हणजे 'इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड'चा शेरा लागतो, आणि सौदी, कतार, कुवेतला कामासाठी जाताना सरकारची वेगळी परवानगी काढावी लागते. म्हणजे ज्या दहावीला तू इथे लाथ मारणार, तीच तुला विमानतळाआधी गाठणार.

आता घरी कसं सांगायचं. 'मला शिकायचं नाही' असं चुकूनही म्हणू नकोस, 'मला माझं काहीतरी उभं करायचंय' असं म्हण. काय उभं करायचंय हे बाबांनी विचारलं तर 'आत्ताच सांगता येणार नाही' म्हणायचं आणि मोबाईलमध्ये बघायचं. मोठे उद्योजकही असंच करतात.

करिअरचं म्हणशील तर मुंबईत कामाला तोटा नाही. पोलीस शिपाई होता येणार नाही, त्याला बारावी लागते. बाईकवरून जेवण पोचवायचं तर लायसन्स हवं, आणि तुला अजून अठरा पूर्ण नाहीत. पण आमदारकीला शिक्षणाची अट नाही! वयाची आहे, २५. तुझी मधली दहा वर्षं बॅनरवर 'शुभेच्छुक' म्हणून काढता येतील. खालून तिसऱ्या रांगेत, उजवीकडून दुसरा, गॉगल लावून. मी चेष्टा करत नाही. या शहरात नाक्यानाक्यावर माणसं असंच वर सरकतात.

कायद्याची काळजी करू नकोस. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत सरकार तुझ्यामागे आहे. त्यानंतर सरकारचे हात मोकळे आणि तुझेही.

खरा त्रास वेगळाच आहे. शाळा सोडायला शाळेतच जावं लागतं. दाखला मिळवायला मुख्याध्यापकांना अर्ज द्यायचा, त्यावर पालकांची सही हवी. अर्जलेखन मराठीच्या पेपरात येतं, तू ते ऑप्शनला टाकलं होतंस, आठवतंय ना? तरी दाखला घेच, आणि पिशवीत घालून कपाटात वरच्या खणात ठेव. जन्मतारखेला तो, जातीच्या दाखल्याला तो. उद्या उपरती झाली आणि १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसावंसं वाटलं, तर तिथेही पहिल्यांदा तोच मागतील. शाळेत काढलेल्या दहा वर्षांचं कोणी काही विचारत नाही, पण शाळा सोडल्याचा कागद जन्मभर मागतात.

एक पथ्य मात्र पाळ. तुमच्या चाळीखालच्या वाण्याकडे पुड्या बांधणारा जो तुझ्याच वयाचा पोरगा आहे, त्याचा सल्ला घेऊ नकोस. त्याची शाळा सुटली तेव्हा रील नव्हतं, भाषण नव्हतं, 'निर्णय' तर नव्हताच. बाप अंथरुणाला खिळला, दुसऱ्या दिवशी हा दुकानात उभा राहिला. अशांना ड्रॉपआउटचं तत्त्वज्ञान कळत नाही. उलट सहा वाजले की वाण्याकडे 'शेट, निघू का' करत रात्रशाळेकडे पळतो. तिथे दिवसभर उभं राहून आलेली माणसं बाकावर बसायला मिळालं म्हणूनही खूश असतात. असल्या संगतीत तुझा निश्चय ढिला पडायचा.

त्याला भेटलासच तर तुझं गणिताचं पुस्तक देऊन टाक. त्याचं पहिल्या प्रकरणापासून फाटलंय. तुझं एकदम नवं आहे.