घट्ट मोज्यांनी फुगलेल्या शिरा नाहीशा होत नाहीत

‘रात्री झोपताना घट्ट मोजे घाला, महिनाभरात पायांच्या फुगलेल्या शिरा नाहीशा होतील’ असा संदेश सध्या फिरत आहे. त्यातील दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

पायांच्या अशा फुगलेल्या शिरांमध्ये, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्समध्ये, शिरांतील झडपा नीट मिटत नाहीत, त्यामुळे वर जाणारे रक्त खाली उतरून साचते. कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज, म्हणजे हे घट्ट मोजे, घोट्यापाशी सर्वाधिक आणि वर कमी होत जाणारा दाब देतात. त्याने सूज, जडपणा आणि ठणका कमी होतो, पण बिघडलेली झडप दुरुस्त होत नाही. नव्या शिरा फुगणे त्यांनी हमखास टळते, असाही ठोस पुरावा नाही. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१३ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार लेसर किंवा तत्सम उपचार शक्य नसतील, तेव्हाच मोज्यांचा पर्याय द्यावा.

आडवे झाल्यावर रक्त सहज परतते, म्हणून हे मोजे सकाळी पायांवर सूज चढण्यापूर्वी घालून रात्री काढायचे असतात. गुडघ्यामागे कापड गोळा झाले, तर तिथे दोरी आवळल्यासारखा करकोचा पडतो आणि उलट अडथळा होतो.

सर्वांत काळजी वाटते ती मधुमेही आणि धूम्रपान करणाऱ्यांची, कारण त्यांच्या पायाच्या रोहिण्या (हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिन्या) आधीच अरुंद असू शकतात आणि अशा पायावर दाब दिल्यास रक्तपुरवठा तुटून जखम होण्याचा धोका असतो. त्यांनी घोट्याचा रक्तदाब तपासून घेतल्याशिवाय, मोजे कितीही स्वस्त मिळाले तरी, वापरू नयेत.