हॅलोविनच्या चॉकलेटात विष? मामा, जरा थांबा

परवा पहाटे साडेचारला आईचा फोन. मिरजेहून न्यू जर्सीला पहाटे साडेचारला फोन आला की कोणीतरी गेलं, याशिवाय दुसरं काही डोक्यात येत नाही. आईला दोन्हीकडच्या वेळा पाठ आहेत, रोज बरोबर सातला करते, म्हणून अजूनच धस्स झालं. उचलला तर रडवेल्या आवाजात, "अगं, चिऊला त्या भुतांच्या सणाला धाडू नकोस, तिथं चॉकलेटात विष घालून देतात म्हणे." कोण म्हणे? मामा म्हणे. आणि मामांना कोण म्हणे? तर फॉरवर्ड.

चिऊ माझी लेक, आणि भुतांचा सण म्हणजे हॅलोविन, ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी पोरं भुताखेतांचे पोशाख घालून दारोदार चॉकलेटं मागत फिरतात तो. तो मेसेज मग मीही बघितला. वर लाल त्रिकोणांची रांग, खाली "प्रत्येक आईबापापर्यंत पोचवा", मध्ये चार गोष्टी: (१) अमेरिकेत दर हॅलोविनला शेकडो मुलं अनोळखी लोकांनी दिलेली विषारी, ब्लेड किंवा ड्रग्ज घातलेली चॉकलेटं खाऊन मरतात, (२) त्या रात्री मुलं पळवून नेतात, (३) हा सामहेन नावाच्या मृत्यूच्या देवाचा सण आहे, भुताचा पोशाख घातला की भूत अंगात शिरतं, आणि (४) भारतातल्या शाळांतून हे आणून आपली संस्कृती संपवायचा डाव आहे.

दुसऱ्यापासून सुरू करते कारण त्यात फार दम नाही. लहान मुलं एकटी फिरतच नाहीत हो. आमच्या गल्लीत सहा मुलांमागे आठ आईबाप असतात, हातात कॉफी, एकाच्या हातात पोराने काढून टाकलेली पंखं. ज्या घराबाहेरचा दिवा बंद, तिथे बेल वाजवायची नाही, हे तीन वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. झालं.

आता विष. याच्यावर मी जरा वेळ घालवणार आहे कारण यानेच माझ्या आईची झोप उडवली.

शेकडो मुलं? डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्राचे प्राध्यापक जोएल बेस्ट, त्यांनी नेमकी हीच अफवा अभ्यासाला घेतली. १९५८ पासूनच्या पेपरांतल्या बातम्या काढल्या आणि एकेका बातमीचं पुढे काय झालं ते शोधलं. दारोदार फिरून मिळवलेलं, अनोळखी माणसाने मुद्दाम विष घातलेलं चॉकलेट खाऊन मूल मेलं किंवा गंभीर जखमी झालं, अशी खात्रीशीर केस त्यांना सापडली नाही. शेकडो सोडा, एक नाही. बऱ्याच बातम्या शेवटी पोरांनीच केलेल्या खोड्या निघाल्या, स्वतःच टाचणी खुपसायची आणि आईला दाखवायला पळायचं.

मग हे आलं कुठून? एक मूल खरंच मेलं होतं. १९७४ साली टेक्ससमध्ये, आठ वर्षांचा मुलगा, हॅलोविनच्या रात्री, गोड पावडरच्या नळीतून सायनाइड पोटात गेलं. आणि ते दिलं कोणी? बापाने. रोनाल्ड ओब्रायन त्याचं नाव, कर्जात बुडालेला, पोरांचे विमे उतरवले होते. संशय येऊ नये म्हणून तसल्याच नळ्या स्वतःच्या मुलीला आणि आणखी तीन मुलांना दिल्या, नशीब त्यांनी खाल्ल्या नाहीत. १९८४ मध्ये त्याला देहदंड झाला. अनोळखी माणसावर खापर फुटेल म्हणून त्याने हॅलोविनचीच रात्र धरली असणार असं माझं मत, म्हणजे बघा, अफवेने पोराला वाचवलं नाहीच, वर बापाला कल्पना दिली.

मग १९८२ साली शिकागोत टायलेनॉल या डोकेदुखीच्या गोळ्यांत कोणीतरी सायनाइड भरलं, सात माणसं गेली, गुन्हेगार आजवर सापडलेला नाही. ते सप्टेंबरच्या शेवटाला झालं आणि महिन्याभरात हॅलोविन. लोक घाबरणार नाहीत तर काय. त्या भीतीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ते औषधाच्या दुकानातलं प्रकरण होतं आणि आज चाळीसच्या वर वर्षं झाली, मामा.

ड्रग्जचं तर हसू येतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये इथल्या अमली पदार्थविरोधी खात्याने फेंटानिल या जहाल अमली पदार्थाच्या रंगीबेरंगी गोळ्यांबद्दल इशारा दिला, दोन महिन्यांनी हॅलोविन होताच, चॅनलवाल्यांनी दोन्हीची गाठ मारली. अरे पण विचार करा ना, धंदेवाला माणूस आपला माल सात वर्षांच्या पोरीला, जिच्या खिशात दमडी नाही, ती परत कधी येणार नाही, तोंडाला मुखवटा असल्यामुळे ती कोण हेही कळत नाही, तिला फुकट कशाला देईल? आमच्या मिरजेच्या गल्लीत गणपतीची वर्गणी मागायला गेलं तर पंख्याचा आवाज येत असूनही घरात कोणी नसायचं.

बरं, कबूल करते एक. टाचण्या-सुया अगदीच कधी निघाल्या नाहीत असं नाही. २००० साली मिनियापोलिसमध्ये एका माणसाने चॉकलेटात सुया घालून वाटल्या होत्या, एका मुलाला टोचली, डॉक्टरकडे जावं लागलं नाही. म्हणून आम्ही घरी आल्यावर सगळी पिशवी जमिनीवर उपडी करतो, फाटलेलं वेष्टन असेल ते टाकतो, चिऊच्या मैत्रिणीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे म्हणून तिची आई प्रत्येक वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचते. ते खरं भय आहे. त्यासाठी २०१४ पासून काही घरं दाराशी मोरपंखी रंगाचा भोपळा ठेवतात, म्हणजे इथे खाऊऐवजी पेन्सिल, स्टिकर, चेंडू असलंही मिळेल. हे कोणत्याच फॉरवर्डमध्ये नसतं.

आणि ज्याने खरोखर मुलं मरतात तेही नसतं. गाड्या! कॅनडातल्या डॉक्टरांनी अमेरिकेचे सरकारी अपघातांचे आकडे घेऊन १९७५ ते २०१६ अशा ४२ हॅलोविनच्या संध्याकाळी तपासल्या, जामा पीडियाट्रिक्स नावाच्या मान्यवर नियतकालिकात छापून आलंय. त्या ४२ संध्याकाळी ६०८ पायी चालणारे गाडीखाली मेले. आठवडाभर आधीच्या आणि नंतरच्या मिळून ८४ साध्या संध्याकाळी ८५१. म्हणजे सरासरी काढली तर हॅलोविनला धोका ४३ टक्के जास्त, आणि चार ते आठ वर्षांच्या मुलांना तर साधारण दहापट. सगळ्यात वाईट वेळ सहाच्या आसपासची.

मला हे वाचायच्या आधीच कळलं होतं. गेल्या वर्षी, इथे ऑक्टोबरच्या शेवटी सहाच्या आत सूर्य मावळतो, चिऊ चेटकीण झालेली, नखशिखांत काळी, टोपी डोळ्यांवर. पलीकडच्या घराबाहेर धूर सोडणारं भूत दिसलं आणि दोन उभ्या गाड्यांच्या मधून ही सुसाट. पिकअपवाल्याने ब्रेक मारला तो आवाज अजून कानात आहे. टोपी रस्त्यावर पडली, चिऊ नाही. तो माणूस खाली उतरला, त्याचे हात थरथरत होते, माझ्या तर पायातलं बळच गेलं. घरी येऊन आम्ही चॉकलेटं मात्र नीट तपासली! एकेक उलटसुलट करून. त्या रात्री माझं मलाच कळेना हसू का रडू.

पोशाखाबद्दल अजून एक, भूत अंगात शिरत नाही पण पॉलिएस्टर पेटलं की वितळून अंगाला चिकटतं. फटाके उडवताना सुती घाल म्हणून आई ओरडायची तेच इथे. २०२४ ला तर ३१ ऑक्टोबरला दिवाळीच आली होती, दारात रांगोळी, पणत्या, शेजारी कोरलेला भोपळा आणि त्यामधून झगे सावरत येणारी पोरं. भोपळ्यात आम्ही बॅटरीचा दिवा ठेवला आणि पणत्या उचलून वर खिडकीत नेल्या.

सामहेनचं आता थोडक्यात. साधारण 'साउइन' असा उच्चार आहे, तो देव नाही, उन्हाळा संपून हिवाळा लागतानाचा जुना आयरिश सण आहे, आयरिशमध्ये नोव्हेंबर महिन्याला आजही तोच शब्द. आणि हॅलोविन म्हणजे १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या दिवसाची आदली रात्र. २ नोव्हेंबरला वसईत, गोव्यात लोक कबरी साफ करून फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात, त्यांना जाऊन सांगाल का सैतानपूजा म्हणून? आपण पितरांना पान वाढून कावळ्याची वाट बघणारी माणसं, मेलेल्यांची आठवण काढण्याला आपण तरी नावं ठेवू नयेत.

चौथ्यात मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने म्हणते. माझ्या भाचीच्या शाळेने, पुण्यात, चार दिवस आधी चिठ्ठी पाठवून भुताचा ड्रेस मागवला, वहिनीने सातशे रुपये घातले, शाळेत फोटो काढले आणि सोडून दिलं. ना शेजाऱ्याचं दार वाजवलं, ना भोपळा कोरला. फुकटचा खर्च आहे, बंद करा म्हणा, मी सही करते. पण याला डाव म्हणू नका, हा दुकानदारांचा कॅटलॉग आहे.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. मामांनी हात जोडलेला इमोजी पाठवला आणि लिहिलं, "जसं आलं तसं पाठवलं."

आईला मात्र फोनच केला. विषाचं, प्राध्यापकांचं सगळं सांगितलं, नुसतं हूं हूं करत होती. मग म्हटलं यंदा चिऊच्या झग्याला चमकणारी टेप शिवतेय. "कसली टेप?" अगं, उसाच्या ट्रॉलीला मागे लावायला सांगतात बघ, दिवे पडले की लाल चमकते, तसली. कारखाने सुरू झाले की आमच्याकडे त्या ट्रॉल्या रात्री दिसत नाहीत म्हणून किती माणसं गेलीत ते आईला कोणी सांगायला नको. जरा वेळ काहीच बोलली नाही.

"मग नुसती मागे नको लावू," म्हणाली. "पुढे पण लाव. आणि दोन्ही हातांना."