माहितीशास्त्र शिकायचे ते सरकारी विद्यापीठातच

"पुस्तके कपाटात लावायला पदवी कशाला लागते?" हा प्रश्न ग्रंथालय व माहितीशास्त्राकडे वळणाऱ्या मुलामुलींना कोल्हापुरात आजही ऐकावा लागतो. शिवाजी विद्यापीठात हाच विषय शिकून आता एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करत असल्यामुळे मला त्याचे उत्तर सविस्तर द्यावेसे वाटते.

ग्रंथालयातील संगणकावर 'शाहू महाराज' असे टाइप करून पाहा. कोल्हापूरचे राजर्षी शाहू (१८७४–१९२२) वेगळे आणि साताऱ्याचे छत्रपती शाहू (१६८२–१७४९) वेगळे. त्यातही राजर्षींची नोंद कुठे 'शाहू छत्रपती', कुठे 'राजर्षी शाहू', तर कुठे रोमन लिपीत आणि तीही निरनिराळ्या स्पेलिंगने केलेली असते. ही सारी नावे एकाच व्यक्तीची आहेत, हे सांगणारी प्राधिकृत नोंद कोणी जन्म-मृत्यूच्या सालांसह केलेली नसेल, तर राजर्षींच्या वसतिगृहांवर निबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यासमोर सातारा दरबाराची पुस्तके येतात आणि हवे ते पुस्तक शेजारच्याच कपाटात असूनही तो रिकाम्या हाताने परततो.

वर्गीकरणाचेही तसेच आहे. अभंगांचा संग्रह, पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई पद्धतीने, ८९१.४६ या मराठी साहित्याच्या क्रमांकाखाली ठेवावा की २९४.५ या हिंदू धर्माच्या, यावर आमच्या वर्गात झालेली चर्चा मला आजही आठवते. १८७६ साली अमेरिकेत निघालेल्या त्या पद्धतीने ख्रिस्ती धर्माला ऐसपैस जागा दिली आणि जगातील बाकीचे सगळे धर्म २९० च्या दशकात कोंबले. मूळचे गणिताचे प्राध्यापक असलेल्या आणि पुढे ग्रंथपाल झालेल्या डॉ. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये स्वतःची, विषयाचे निरनिराळे पैलू द्विबिंदूने (:) जोडणारी द्विबिंदू वर्गीकरण पद्धती मांडली, तिचे मोल हे पाहिल्यावर नीट कळते.

मराठी नावांच्या, मोडी कागदांच्या आणि गावोगावच्या स्मरणिकांच्या नोंदी करण्यात कोणालाही नफा नाही, म्हणूनच हे शिक्षण सार्वजनिक पैशातून चालले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. शिवाय चंदगड किंवा गगनबावड्याहून येणाऱ्या मुलीला परवडेल अशा शुल्कात ते सरकारी विद्यापीठच देऊ शकते, आणि तिथल्या गावांची, वाड्यांची, आडनावांची नेमकी माहिती तिच्याइतकी दुसऱ्या कोणाला असणार?

आपल्या शहरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे आणि राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून. असे असताना ग्रंथपाल निवृत्त झाला की ती जागा वर्षानुवर्षे रिकामी ठेवायची आणि ग्रंथालयाची किल्ली कार्यालयातील एखाद्या लिपिकाकडे द्यायची, हा प्रकार मला अत्यंत चुकीचा वाटतो. तो लिपिक पुस्तके देईल-घेईल, परंतु दोन शाहूंच्या नोंदी वेगळ्या करण्याचे काम त्याचे नाही आणि ते त्याला कोणी शिकवलेलेही नाही. महाविद्यालयांच्या संचालक मंडळांनी या जागा भरण्याचा प्रस्ताव येत्या शैक्षणिक वर्षाआधी शासनाकडे पाठवावा आणि माजी विद्यार्थ्यांनी त्याचा पाठपुरावा करावा, एवढी माझी मागणी आहे.