आमच्या चिरंजीवांवर कलम ५०४

इंग्रजीची भीती मला कधीच नव्हती. पंधरा वर्षं इंग्रजीतून ई-मेल लिहिल्या, साहेबांच्या ई-मेलमधल्या चुका मनातल्या मनात लाल पेनाने काढल्या. त्यामुळे अमेरिकेत येऊन मुलाला इथल्या शाळेत घालताना भाषा आडवी येईल असं स्वप्नातही आलं नव्हतं. ती आली. तीही अवघड शब्दांच्या रूपाने नाही. मला दगा दिला तो ओळखीच्या शब्दांनी.

सुरुवात ‘पब्लिक स्कूल’पासूनच. आपल्याकडे पाटीवर ‘पब्लिक’ असलं की आत पब्लिकला मज्जाव असतो. टाय, बस आणि वडिलांचं कर्ज हे तिन्ही सोबत येतं. इथली पब्लिक स्कूल खरोखरच पब्लिकची. फी नाही, मुलाखत नाही. मी आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यासकट फाइल घेऊन गेलो होतो. खिडकीतल्या बाईंनी मुलाचा जन्मदाखला, घराचा भाडेकरार आणि लसींचं कार्ड एवढंच पाहिलं आणि बाकीची फाइल हळुवारपणे माझ्याकडे सरकवली. इतक्या सहज प्रवेश मिळाल्याने मला उगाच अपमान झाल्यासारखं वाटलं.

त्यात बाई म्हणाल्या, “आमची शाळा टायटल वन आहे.” मी त्याच संध्याकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकून दिलं : ‘चिरंजीवांना टायटल वन शाळेत प्रवेश!’ अभिनंदनाचे एकवीस अंगठे आले. काकांनी तर ‘टायटल टू’वाल्यांची कीवही केली. चार दिवसांनी शेजाऱ्यांनी खुलासा केला. टायटल वन म्हणजे पहिला नंबर नव्हे, १९६५ च्या शिक्षण कायद्यातलं पहिलं प्रकरण. गरीब घरातली मुलं जास्त असलेल्या शाळांना त्याखाली केंद्राचा पैसा मिळतो, आणि अशी मुलं ४० टक्के किंवा जास्त असली की तो सगळ्या शाळेसाठी वापरता येतो. हा कायदा अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी टेक्सासमधल्या आपल्या लहानपणीच्या शाळेपाशी, आपल्या पहिल्या शिक्षिकेला शेजारी बसवून सही करून आणला. हे वाचल्यावर मला शाळेबद्दल खराच अभिमान वाटला. पण ग्रुपवर दुरुस्ती टाकण्याइतका नाही.

प्रवेशाच्या कागदांत एक निरागस दिसणारा फॉर्म होता. ‘होम लँग्वेज सर्व्हे.’ मुलाने पहिल्यांदा कोणती भाषा शिकली? घरात जास्त कोणती बोलतात? मोठी माणसं आपसात कोणती बोलतात? असे प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. छाती भरून आली. तिन्ही ठिकाणी ठळक अक्षरांत ‘मराठी’ लिहिलं. चौथा रकाना असता तर त्यातही लिहिलं असतं.

आठवड्याने पत्र आलं की आपल्या पाल्याची इंग्रजीची चाचणी घेतली असून तो ‘इंग्लिश लर्नर’ ठरला आहे. घरात ‘पाणी आण’ म्हटलं की ‘व्हॉट?’ विचारणारं हे पोर. आम्ही मराठीत ओरडतो, तो इंग्रजीत उलट उत्तरं देतो. चाचणीत काय झालं होतं? अनोळखी बाईंनी चित्र दाखवून ‘यात काय दिसतंय ते सांग’ म्हटलं, आणि अनोळखी माणसांशी बोलायचं नाही हा आईचा उपदेश त्याने जन्मात पहिल्यांदाच पाळला.

मी तावातावाने शाळेत गेलो. तिथल्या शिक्षिकेने शांतपणे सांगितलं की यामागे १९७४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांना कळतच नसलेल्या भाषेत वर्गात बसवून ठेवलं जात होतं, म्हणून पालक कोर्टात गेले आणि जिंकले. तेव्हापासून मुलाला भाषेची मदत हवी का हे शाळेला शोधावंच लागतं. एवढं ऐकून माझा ताव ओसरला. आता ‘इंग्लिश लर्नर’मधून बाहेर पडेपर्यंत दरवर्षी ही परीक्षा. घरी आल्यावर ही म्हणाली, “असू दे. निदान सरकारदरबारी तरी तो मराठी आहे.”

मग आला तो फोन. आमच्या चिरंजीवांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. मराठी घरात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी म्हणजे कोळ्याच्या घरात माशांची. खिचडीत कूट, कोशिंबिरीत कूट, वांग्यात कूट, आणि कशातच नसेल तर डब्यात चटणी. डॉक्टरांचं पत्र शाळेत दिलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून बाई म्हणाल्या, “आपल्याला तुमच्या मुलासाठी ५०४ करावं लागेल.”

माझ्या पायाखालची जमीन सरकली. लहानपणापासून पेपरात वाचलेलं वाक्य डोळ्यांपुढे आलं : ‘कलम ५०४, ५०६ अन्वये गुन्हा दाखल.’ शांतताभंग व्हावा म्हणून हेतुपुरस्सर केलेला अपमान, दोन वर्षांपर्यंत कैद. (न्याय संहिता आल्यापासून आकडे बदललेत म्हणे, पण माझ्या भीतीचे आकडे जुनेच आहेत.) मी दबक्या आवाजात विचारलं, “कुणाला काय बोलला तो?” पलीकडे बराच वेळ शांतता. मग बाई म्हणाल्या, “हे त्याच्या भल्यासाठीच आहे.” पोलीसही असंच म्हणतात.

मीटिंगला पाच जण टेबलाभोवती. वर्गशिक्षिका, नर्स, समुपदेशक, मुख्याध्यापिका आणि एक जण कोण ते मला आजतागायत कळलेलं नाही. समुपदेशकांनी हसून विचारलं, “तर याला कोणतं अ‍ॅकोमोडेशन लागेल असं तुम्हाला वाटतं?”

मी म्हटलं, “छे छे, नको. तो आमच्याकडेच राहतो.”

हिने टेबलाखालून माझा पाय तुडवला. अ‍ॅकोमोडेशन म्हणजे राहण्याची सोय हे मला लॉजच्या पाट्यांनी शिकवलेलं. इथे त्याचा अर्थ मुलाला इतरांच्या बरोबरीने शिकता यावं म्हणून केलेली सोय : डबा खाताना वेगळं टेबल, बाकं पुसून घेणं, नर्सच्या कपाटात इंजेक्शनचं पेन, सहलीला ते बरोबर नेणं. आणि ५०४ हे १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातलं कलम. केंद्राचा पैसा घेणाऱ्या संस्थेने अपंगत्वावरून भेदभाव करायचा नाही, आणि त्यात असा जिवावर बेतणारा त्रासही बसतो. कायदा झाला, पण नियम चार वर्षं कागदातच रखडले. १९७७ साली अपंग आंदोलकांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत जवळजवळ महिनाभर ठाण मांडलं तेव्हा कुठे त्यांवर सही झाली. माझ्या पोराच्या डब्याशेजारचं पुसलेलं टेबल त्या माणसांच्या जिवावर आलंय. हे समजल्यावर मी पाचही जणांशी हस्तांदोलन केलं. त्या अज्ञात गृहस्थाशी दोनदा.

इतकं होऊनही शहाणपण आलं नव्हतं. महिन्याभरात चिठ्ठी : ‘वाचनासाठी आरटीआय सुरू करत आहोत.’ मी म्हटलं, कुणी टाकला? आपल्याकडे आरटीआय म्हटलं की कचेरीतल्या माणसांचे चेहरे उतरतात. इथे तो ‘रिस्पॉन्स टू इंटरव्हेन्शन’ निघाला. वाचनात मागे पडणाऱ्या मुलांना लहान गटात जादा शिकवायचं आणि फरक पडतो का ते मोजत राहायचं. गाडी अडलीच तर मग ‘आयईपी’, म्हणजे एकट्या मुलासाठी आखलेली योजना, पण तिचा कायदा वेगळा, मीटिंगही वेगळी. शाळेतल्या नोंदींपुरता खराखुरा माहितीचा अधिकार इथे ‘फर्पा’ नावाच्या कायद्यात आहे. मुलाच्या नोंदी पालकाने मागितल्या की ४५ दिवसांत दाखवाव्या लागतात. आपल्याकडे ३० दिवस. पंधरा दिवसांनी आपण पुढे आहोत, हे मात्र मी ग्रुपवर लगेच टाकलं.

मग प्रगतिपुस्तक आलं. टक्के नाहीत, नंबर नाही, नुसते १ ते ४ आकडे. ४ म्हणजे अपेक्षेहून जास्त, ३ म्हणजे अपेक्षेइतकं, २ म्हणजे जवळ आलाय, १ म्हणजे अजून सुरुवात आहे. मी अर्थबिर्थ न लिहिता फोटो आईला पाठवला. रात्री तिचा व्हिडिओ कॉल. चष्मा कपाळावर, आणि मागे बाबांच्या हातात पेढ्यांचा पुडा.

“गणितात तिसरा,” ती म्हणाली. “इंग्रजी वाचनात दुसरा. परक्या देशात, परक्या भाषेत, दुसरा! तुझा कधी दहाच्या आत आला होता का? आणि हे बघ, लिसनिंगमध्ये पहिला! अख्ख्या बिल्डिंगला सांगून आले मी.”

मी खुलासा करायला तोंड उघडलं. हिने पुन्हा पाय तुडवला.

“बोलाव त्याला,” आई म्हणाली. “लिसनिंगमध्ये पहिला आलाय, शाबासकी देते.”

मी हाक मारली. मग जरा मोठ्याने मारली. मग हिने मारली. तो पाच फुटांवर गाडी खेळत होता.