शेफर्ड्स पाय ‘चुकला’ म्हणणाऱ्यांसाठी खुलासा
शेफर्ड्स पाय म्हणजे शिजलेल्या मांसावर कुस्करलेल्या बटाट्याचा थर देऊन ओव्हनमध्ये भाजलेला ब्रिटिश पदार्थ. ‘मेंढीचा खिमा नसेल तर तो शेफर्ड्स पाय नव्हेच, बीफचा तो कॉटेज पाय’ असं ठणकावून सांगणारा मेसेज फिरतोय. आज ब्रिटनमध्ये बरेच जण हा भेद पाळतात, हे खरं. पण तो मुळापासूनचा नाही. १८४९ मध्ये एडिनबर्गला छापलेल्या शेफर्ड्स पायच्या कृतीत कुठलंही शिजलेलं मांस चालतं, तेही खिमा नव्हे, काप! उरलंसुरलं संपवायचाच हा प्रकार. तेव्हा आपला बकऱ्याचा खिमा बिनधास्त घ्या.

बिघडतं ते दुसरीकडेच. रस्सा पातळ नि गरम असला की वर थापलेला बटाटा आत बुडतो. खिमा आटवून गार करा, मग बटाटा पसरून काट्याने रेघा ओढा. ओव्हनमध्ये त्यांचीच टोकं खरपूस होतात.